भिंत येण्याआधीचा श्वास

या महिन्यात आलेल्या पत्रांत फ्लिप टर्नचीच गर्दी आहे. उन्हाळ्याच्या बॅचेस संपल्या, हात जरा लांब पडू लागले आणि आता सगळ्यांना भिंतीशी कोलांटी मारून वळायचंय. हौस चांगली आहे. पण बहुतेक पत्रांत कोलांटीबद्दल थोडं आणि दमाबद्दल बरंच लिहिलंय, म्हणून या वेळी सगळा स्तंभ दमालाच देते.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा आहे, बँकेत नोकरी करतो. २५ मीटरच्या तलावात हाताने भिंत धरून वळत एक किलोमीटर आरामात पोहतो. हल्ली फ्लिप टर्न शिकलोय. टर्न जमतो, पण चार-पाच टर्न झाले की अशी धाप लागते की थांबावंच लागतं. डॉक्टरांनी तपासून हृदय-फुप्फुसं ठणठणीत असल्याचं सांगितलंय. छाती वाढवण्यासाठी श्वास रोखून धरण्याचा सराव करू का? – एक वाचक, नाशिक

नको. तपासून घेतलंत ते उत्तम केलंत. आता आधी हिशेब करू, छाती वाढवायचं मग बघू.

तुम्ही दर दोन हातांनी श्वास घेत असाल, तर तुम्हाला दोन-अडीच सेकंदांना एक श्वास मिळतो. आता एखाद्या मित्राला मोबाइलचं स्टॉपवॉच देऊन काठावर उभं करा. कोलांटी मोजू नका म्हणावं. भिंतीआधी तुमचं तोंड शेवटचं कधी उघडलं आणि भिंतीनंतर पहिल्यांदा कधी उघडलं, एवढंच मोजायचं. माझ्या पहाटेच्या बॅचमध्ये नवशिक्यांचं हे अंतर नऊ-दहा सेकंदांच्या घरात जातं. त्यात खुद्द कोलांटीचे दीड ते दोन. मग उरलेले सात-आठ गेले कुठे?

निम्मे भिंतीच्या अलीकडे जातात. भिंत जवळ आली की माणूस धसका घेतो. मान वर करून तिच्याकडे बघत राहतो आणि बघण्याच्या नादात तीन-तीन, चार-चार हात श्वासच घेत नाही. म्हणजे कोलांटी मारायच्या आधीच गडी उपाशी. उरलेले निम्मे भिंतीच्या पलीकडे जातात. भिंतीला पाय मारून निघाल्यावर अंग पाण्यात पार थांबेपर्यंत घसरत राहायचं आणि वर आल्यावरही दोन-तीन हात मान खाली घालून मारायचे, कारण कुठल्यातरी व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं.

तो व्हिडिओ खोटा नसतो, पण तो तुमच्यासाठी केलेला नसतो. 'भिंतीआधीच्या शेवटच्या हाताला श्वास घेऊ नका, वर आल्यावर पहिल्या हाताला घेऊ नका' हा मंत्र कमी अंतराच्या शर्यतींचा आहे. ५० मीटरच्या तलावात ५० मीटरच्या शर्यतीला टर्नच नसतो आणि १०० मीटरला एक असतो. त्या एका टर्नला मान न वळवता वेग राखणं परवडतं. १५०० मीटरला मात्र २९ टर्न येतात, आणि तुमच्या २५ मीटरच्या तलावातल्या एका किलोमीटरला ३९. प्रत्येक भिंतीला तीन सेकंदांचा श्वास बुडाला, तर किलोमीटरभरात जवळजवळ दोन मिनिटांचा श्वास बुडाला. तुम्ही बँकेतले, थकबाकी कशी साचते ते मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा तुमच्यासाठी नियम उलटा. भिंतीआधीच्या शेवटच्या हाताला श्वास घ्यायचा, फार तर त्याच्या आधीच्या. मान वळवल्याने कोलांटी किंचित उशिरा सुरू होईल, होऊ दे. वर आल्यावर पहिल्या, फार तर दुसऱ्या हाताला तोंड उघडायचं. एवढं केलंत तरी नऊ-दहा सेकंदांचे सहा होतात. ज्यांना दोन्ही बाजूंनी श्वास घेता येतो त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती आहे : भिंतीआधी लागोपाठच्या दोन हातांना श्वास घ्यायचा, एकदा उजवीकडून, लगेच डावीकडून.

शेवटचा हात कुठला हे मान वर न करता कसं कळणार? तळावर लेनची जी गडद रेघ असते तिला शेवटी आडवी रेघ जोडून टी केलेला असतो. स्पर्धेच्या तलावात हा टी भिंतीपासून दोन मीटरवर असतो. तो दिसला की हात पुरा करा आणि हनुवटी छातीला लावा. तुमच्या तलावात टी नसेल किंवा पुसट झाला असेल, तर लेनच्या दोरीकडे लक्ष ठेवा. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या पाच मीटरला दोरीवरच्या चकत्यांचा रंग बदलतो. तिथून तुमचे किती हात पडतात ते एकदा मोजून ठेवा. मान वर करून भिंत बघायची सवय मात्र आजच सोडा. तिने कंबर खाली जाते, वेग मरतो, आणि मेलेल्या वेगाने कोलांटी मारायला दुप्पट जोर लागतो.

आता सोडायच्या श्वासाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. श्वास घ्यावासा वाटून जीव कासावीस होतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन तेव्हा बऱ्यापैकी शिल्लक असतो. तुम्ही भिंतीपर्यंत येताना श्वास पाण्यात नीट सोडत नसाल, अर्धा आत ठेवून वरून आणखी अर्धा घेत असाल, तर छातीत जुनी हवा कोंडून राहते. हाताने भिंत धरून वळताना तुम्ही नकळत दोन श्वास जास्तीचे घेता, त्यात ही चूक झाकली जाते. फ्लिप टर्न ते पांघरूण काढून घेतो. म्हणून सगळ्या तलावभर, भिंतीपासून लांब असतानाही, तोंड पाण्यात गेलं की बुडबुडे सुरू व्हायलाच हवेत. माझ्या बॅचमध्ये टर्नची तक्रार घेऊन कुणी आलं, की मी आधी त्याला तलावाच्या मध्ये पोहताना बघते. भिंतीकडे नंतर जाते.

सराव असा करा. आठवडाभर फक्त दर चौथ्या भिंतीला फ्लिप, बाकी हाताने. धाप लागली नाही तर एकाआड एक. वेग अगदी गप्पा मारण्याजोगा ठेवा. भिंतीवरून निघाल्यावर पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून, कमरेपासून लाटेसारखी) मारायची हौस सध्या आवरा. मांडीचे मोठे स्नायू ऑक्सिजन भराभर खातात. हात कानामागे घट्ट, अंग सरळ, एक-दोन साध्या किक आणि पाच मीटरच्या आत वर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला अमेरिकेच्या बॉबी फिंकने १५०० मीटर १४ मिनिटं ३०.६७ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. ती शर्यत मिळाली तर जरूर बघा. टर्नच्या वेळी सगळे पाय बघतात. तुम्ही तोंडं बघा, कोण कधी उघडतंय ते.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. ८०० आणि १५०० मीटर पोहते. फ्लिप टर्नला नाकात पाणी जातं आणि डोक्यात झिणझिण्या येतात. नाकाला क्लिप लावू का? दुसरं म्हणजे, सर सांगतात की दर तीन हातांनी दोन्ही बाजूंना श्वास घ्यायचा, पण मला उजवीकडूनच बरं वाटतं. – एक वाचक, कोल्हापूर

अगं, डोकं खाली गेलं की नाकपुड्या वर होतात. मग आतली हवा वर निसटते आणि तिच्या जागी पाणी शिरतं. उपाय एकच, तेवढा वेळ नाकातून हवा बाहेर येत राहिली पाहिजे. हनुवटी छातीकडे गेली की नाकातून हलका 'हूं' सुरू कर, तोंड बंद. पाय भिंतीला लागेपर्यंत तो चालू ठेवायचा.

इथे बहुतेक मुली एक चूक करतात. घाबरून सगळी हवा एकदम फुर्रकन सोडून देतात. मग पाय भिंतीला लागतात तेव्हा छाती रिकामी असते आणि वर येईपर्यंत डोळे पांढरे. हवा पुरवून वापरायची. 'हूं' एवढा बारीक, की शेजारच्या लेनमधल्याला तुझ्या नाकाशी बुडबुड्यांची माळ दिसावी, फेस दिसू नये. भिंतीवरून तू पाठीवर निघत असशील तर नाक अजून वरच आहे हे लक्षात ठेव. अंग वळून पोटावर येईपर्यंत 'हूं' थांबवायचा नाही. उरलेली हवा तोंडानाकातून जोरात सोडायची ती पहिल्या श्वासाच्या अगदी आधी.

हे भिंतीशी शिकू नकोस. छातीभर पाण्यात मधोमध उभी राहा, एक श्वास घे आणि कोलांटी मारून पुन्हा उभी हो. पाणी गेलं नाही, तर मग भिंतीकडे जा. क्लिप सर्दीच्या दिवसांत ठीक आहे. पण रोज लावलीस तर नाकाने सोडायची सवय कधीच लागणार नाही, आणि क्लिप नेमकी पाय मारताना निसटते.

श्वासाच्या बाजूबद्दल तुझ्या सरांशी मी भांडण लावणार नाही. सरावात दोन्ही बाजू आल्या पाहिजेत, त्याने अंग एका बाजूला कलत नाही, आणि वर सांगितलेली लागोपाठ श्वासाची युक्तीही जमते. पण १५०० च्या शर्यतीत दर तीन हातांनीच श्वास घ्यायचा असा काही कायदा नाही. बायकांची १५०० मीटर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली ती टोकियोला, २०२१ मध्ये. ती जिंकणारी केटी लेडेकी बहुतेक वेळ एकाच बाजूने, उजवीकडून, दर दोन हातांनी श्वास घेते. हे वाक्य सरांना दाखवताना जरा नम्रपणे दाखव. तुझ्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं, तिथे श्वासाचा हिशेब पूर्ण वेगळा होता. तुझं अंतर वेगळं, तुझा हिशेब वेगळा.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, स्पर्धेसाठी पोहतो. टर्ननंतर पाण्याखाली जास्त राहता यावं म्हणून मुलं आपापसात पैजा लावतात : आधी भराभर खोल श्वास घ्यायचे आणि मग पाण्याखालून कोण लांब जातो ते बघायचं. प्रशिक्षकही 'छाती तयार होते' म्हणून सोडून देतात. मला भीती वाटते. माझी भीती उगाच आहे का? – एक आई, ठाणे

अजिबात उगाच नाही. हे आजच्या आज बंद करा. मुलगा रुसला तरी चालेल.

वर नाशिकच्या गृहस्थांना सांगितलं, की जीव कासावीस होतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे. ती शरीराची धोक्याची घंटा आहे. आधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खूप उतरतो. ऑक्सिजन मात्र त्याने फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली गेल्यावर ऑक्सिजन संपत येतो आणि घंटा वाजतच नाही. मुलाला छान, हलकं वाटत असतं आणि त्याच अवस्थेत शुद्ध हरपते. हातपाय मारणं नाही, ओरडणं नाही. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं अजून पैज लढतंय. चांगले पोहणारेच यात जास्त सापडतात, कारण जिद्द त्यांच्याकडे असते आणि उथळ पाण्यात त्यांच्यावर कुणी नजर ठेवत नाही.

शिवाय त्याच्या खेळाला याचा उपयोगही नाही. फ्रीस्टाइलच्या नियमाप्रमाणे सुरुवातीनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येतं, त्याच्या आत डोकं वर यावंच लागतं. लांब अंतराच्या शर्यतीत १५ मीटरही कुणी वापरत बसत नाही. मुलगा २०० मीटरच्या पुढे पोहत असेल तर त्याला पाण्याखाली दम धरायला शिकवण्यापेक्षा भिंतीवरून सरळ अंगाने निघायला शिकवलेलं दसपट कामाचं.

प्रशिक्षकांशी बोलताना 'मला भीती वाटते' असं म्हणू नका, ते हसण्यावारी नेतील. तीन गोष्टी ठाम सांगा : पाण्याखाली जाण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, पैजा लावायच्या नाहीत, आणि श्वासाचा कुठलाही सराव काठावर बघणारं मोठं माणूस असल्याशिवाय करायचा नाही. दर तीन किंवा पाच हातांनी श्वास घेत, सावकाश, पाण्याच्या वर पोहणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला माझी हरकत नाही. तरीही पैजा चालूच राहिल्या तर तलाव बदला. आणि तुम्ही स्वतः प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. बुडालेल्या माणसाला छातीवर दाब देण्याबरोबर तोंडाने श्वासही द्यावा लागतो, आणि हे वाचून येत नाही, हाताने करून बघावं लागतं.

प्रश्न : डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत तीन किलोमीटर पोहायचंय. सराव २५ मीटरच्या तलावात. समुद्रात भिंत नाही, मग फ्लिप टर्न कशाला शिकायचा? – एक वाचक, सांगली

प्रश्न रास्त आहे. तीन किलोमीटर म्हणजे तुमच्या तलावात १२० लेंग्थ आणि ११९ भिंती. प्रत्येक भिंतीवरून पाय मारून तुम्ही चार-पाच मीटर फुकट जाता. म्हणजे तीन किलोमीटरमधले ५०० ते ६०० मीटर तुम्ही हाताने पोहतच नाही. चिवल्याला ते पोहावे लागणार. आणि हाताने भिंत धरून वळत असाल तर त्यावर ११९ वेळा आरामाचा श्वासही घेता. समुद्र तो देत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : फ्लिप टर्न शिका, पण वेगासाठी नव्हे. त्याने मधला आरामाचा श्वास बंद होतो आणि एखादा श्वास चुकला तरी न गडबडता पुढचा हात टाकायची सवय लागते. लाट तोंडावर आली की नेमकं तेच होतं, श्वास घ्यायला तोंड उघडता आणि आत पाणी येतं. तिथे गडबडला तो संपला. तिथे गुळणी बाहेर टाकून पुढच्या हाताला दुसऱ्या बाजूने श्वास घेतला तो निघून गेला. त्यासाठी दोन्ही बाजूंनी श्वास यायलाच हवा, कारण वारा कुठून येईल ते तुमच्या हातात नाही.

आठवड्यातून एकदा भिंतीला स्पर्शच करू नका. टी दिसला की पाण्यातच वळा आणि थांबलेल्या अंगाला नुसत्या हातांनी पुन्हा वेग द्या. पहिल्या दिवशी खांदे भरून येतील आणि शेजारच्या लेनमधले तुम्हाला वेडा समजतील. डिसेंबरच्या आधी दोन-चार वेळा खाऱ्या पाण्यातही जाऊन या, सोबत होडी किंवा जाणकार माणूस घेऊनच. खाऱ्या पाण्यात अंग वर तरंगतं, त्यामुळे श्वासाला मान कमी वळवावी लागते. ते अंगवळणी पडलेलं बरं.

प्रश्न : वय ६१. प्रौढांच्या मास्टर्स स्पर्धेत ४०० मीटर फ्रीस्टाइलला नाव दिलंय. कोलांटी मारली की तलाव गरगर फिरतो. पूर्वी एकदा चक्करचा त्रास झाला होता. फ्लिप टर्न सक्तीचा आहे का? – एक वाचक, सोलापूर

काका, मुळीच नाही. फ्रीस्टाइलमध्ये वळताना शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की पुरे. हात लावा आणि सुखाने वळा.

चक्करचा इतिहास असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटी मारू नका. आतल्या कानातले बारीक कण जागचे हलले की डोकं नुसतं मागे टाकल्यानेही गरगरतं, कोलांटीत तर ते पुरतं उलटं होतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण श्वास कोंडून जोर लावला की दाब चढतो.

हाताने वळण्यातही श्वासाची कला आहे आणि ती कुणी शिकवत नाही. तुमच्या वयाची मंडळी दोन्ही हातांनी भिंत धरतात, छातीपर्यंत वर येतात, दोन-तीन श्वास घेतात, मागच्या भिडूला बघतात आणि मग निघतात. सगळा वेळ तिथे जातो. एकच हात लावा. गुडघे पोटाशी घेताना दुसरा हात मागे सोडा. पाय भिंतीकडे येतात त्या क्षणी एक, फक्त एक, पोटभर श्वास घ्या, कान पाण्याला टेकलेला ठेवून. मग कुशीवर खाली जा आणि पाय मारा. ५० मीटरच्या तलावात ४०० ला असे सात टर्न आहेत. प्रत्येक ठिकाणी मागच्या भिडूला न बघता निघालात तर तेवढ्यानेच दोन माणसं मागे टाकाल.

पुढच्या अंकात बॅकस्ट्रोकचे प्रश्न घेणार आहे. पत्र पाठवताना तुमच्या तलावाची लांबी, तुम्ही किती हातांनी श्वास घेता आणि भिंतीशी टी आहे की नाही, एवढं जरूर लिहा. अर्ध्या पत्रांत हे नसतं आणि मग मला अंदाजाने उत्तर द्यावं लागतं.